हातचा

कन्नमवार नगरातली पालिकेची शाळा.
गुरुवारी संध्याकाळी सातला
तिसरी ब चा वर्ग आमच्यासाठी उघडतात.
बाकं एवढीशी, की गुडघे हनुवटीला लागतात.
एक रिक्षावाला, एक नर्स, एक निवृत्त हवालदार, मी,
शिक्षा झाल्यासारखे बसतो.

फळ्यावर सकाळची बेरीज तशीच असते.
अठ्ठेचाळीस अधिक सदतीस.
आठ आणि सात पंधरा,
पंधरातले पाच खाली, हातचा एक.
तो एक बाईंनी वर, कोपऱ्यात
गोल करून ठेवलाय.

माझं नाव दिगंबर. मी दारुडा आहे.
पहिल्यांदा म्हणताना वाक्य असं अडकलं
जशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये:
दार उघडं, समोर नुसती भिंत.
लिफ्टचंच काम माझं. बावीस वर्षं.

चपट्या कुठे ठेवायचो ते सगळं सांगितलं इथे.
मशीनरूममध्ये, पॅनेलच्या मागे.
संडासाच्या टाकीत.
लेकीच्या गमबुटात.
सकाळी हात इतके थरथरायचे
की टॉवेल मानेवरून घेऊन एका हाताला गुंडाळायचा,
दुसऱ्या हाताने ओढायचा,
की ग्लास आपोआप तोंडाशी.
कप्पी कशी लावतात ते मला कोण शिकवणार?
सगळे हसले. इथे या गोष्टींना हसतात.
हवालदार तांडेल म्हणाले, आम्ही पण. आम्ही पण.

वैजूच्या पाटल्या सांगितल्या.
शीवच्या इस्पितळात भिंतीवरून चाललेली
मुंगळ्यांची रांग सांगितली,
जी फक्त मलाच दिसत होती.
रडलो. टाळ्या पडल्या. चहात बुडवून बिस्किटं खाल्ली.
एकशे नव्वद दिवस.

आणि तरी दिवे घालवताना दर वेळी
नजर जायची ती कोपऱ्यातल्या त्या एकावर.
सगळं सांगत होतो मी,
हातचं राखून.

गेल्या गुरुवारी उभा राहिलो नाही.
बाकावरूनच बोललो.
सर्वेश इथापे. माझा हेल्पर. एकोणीस वर्षांचा.
कप्पीला वंगण लावत होता.
मेन बंद आहे ना, दिगूदादा?
बंद आहे, म्हणालो.
बघितलं नव्हतं.

उजव्या हाताची दोन बोटं.

कंपनीच्या फॉर्मवर मी लिहिलं:
कामगाराने हातमोजे घातले नव्हते.
अक्षर सुरेख आलं होतं.
दोन घेऊन बसलो होतो ना,
हात अजिबात थरथरत नव्हता.

कोणी हसलं नाही. टाळ्याही नाहीत.
नर्स शिरीनने आपला चहा माझ्याकडे सरकवला,
अर्धा प्यालेला.

रविवारी पार्कसाइटचा चढ चढलो.
मोबाइलच्या कव्हरांचं एवढंसं दुकान,
गिऱ्हाईक उभं, आणि तो
काचेवर पातळ फिल्म बसवत होता,
तीन बोटांनी हवेचे बुडबुडे
कडेला ढकलत.
मी कागद पुढे केला. खरा जबाब,
कंपनीला पाठवायचा, माझ्या सहीचा.
अक्षर वाकडं. चार ठिकाणी खाडाखोड.
त्याने वाचला. घडी घातली. गल्ल्याखाली ठेवला.

किती दिवस झाले, त्याने विचारलं.
बहुतेक कुणीतरी सांगितलं असणार.
दोनशे, मी म्हणालो. आवाजात जराशी ऐट
आलीच.
मला अकराशे बारा, तो म्हणाला.

मग बराच वेळ फक्त पंखा.
माफी मागायची होती,
शब्द घरून पाठ करून आणले होते.
गिऱ्हाइकाने मध्येच किंमत कमी करायला सांगितली,
त्याने दहा रुपये कमी केले,
सुटे मोजून दिले, एकही चुकला नाही.

मी निघालो तेव्हा पाठमोराच म्हणाला,
उद्या या. आज धंद्याची वेळ आहे.

आम्ही लोक उद्याचं बोलत नाही.
आज, एवढंच म्हणायचं असतं आम्हाला.
चढ उतरता उतरता लक्षात आलं,
मी हो म्हणून बसलोय.